मोटारहोमच्या कोपऱ्यातून गळती : कारखान्याकडून दुरुस्ती कशी मान्य करून घ्यावी? (सातारा)

यवतेश्वर | १४ जुलै

नमस्कार. गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही उभयतांनी निवृत्तीच्या पैशांतून आणि थोडे बँकेचे कर्ज काढून एक मोटारहोम घेतले. चेसिस (इंजिन-चाकांसह गाडीचा सांगाडा) एका मोठ्या कंपनीची असून त्यावरील घराचा भाग पुण्याजवळच्या एका बॉडी बिल्डरने बांधलेला आहे. एकूण ३१ लाख रुपये गेले. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला बदनामी करायची नसून गाडी नीट करून हवी आहे.

उन्हाळाभर गाडीने काहीही त्रास दिला नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बामणोलीला दोन रात्री मुक्काम केला, तेव्हा मागच्या उजव्या कोपऱ्यातील कपाटात ठेवलेली चादर ओली लागली. पाण्याची बाटली सांडली असेल असे समजून मी ती वाळत घातली. परत आल्यावर कपाट रिकामे केले, तर वरच्या फळीला बोटभर काळा डाग पडला होता आणि कपाट उघडताच कुबट वास येत होता. त्या जागी अंगठ्याने दाबले की सनमायका आत जातो आणि सोडला की पुन्हा वर येतो.

कंपनीने आठ दिवसांत माणूस पाठवला, हे मान्य केले पाहिजे. त्याने बाहेरून कोपऱ्याच्या बीडिंगवर, म्हणजे सांधा झाकणाऱ्या पट्टीवर, सिलिकॉनचा जाड पट्टा ओढला आणि जॉब कार्डवर ‘काम पूर्ण, ग्राहक समाधानी’ असे लिहून माझी सही घेतली. त्यानंतर बाराव्या दिवशी पुन्हा पाणी आले. आता कंपनीचे म्हणणे तीन प्रकारचे आहे. पहिले, हे पावसाचे पाणी नसून आत झोपल्यामुळे साचणारे बाष्प आहे. दुसरे, आम्ही साताऱ्यातील मिस्त्रीकडून छतावर दुसरे सोलर पॅनेल बसवून घेतल्यामुळे छताची वॉरंटी संपली आहे. तिसरे, तरीही दुरुस्ती हवी असल्यास गाडी स्वखर्चाने कारखान्यात आणून सोडावी आणि आठ आठवडे थांबावे. घराच्या भागाची वॉरंटी एक वर्षाची आहे, म्हणजे नोव्हेंबरपर्यंतच. यातून पुढे कसे जावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रीतिसंगम | १४ जुलै

ताई, तुमचे वाचून वाईट वाटले, कारण मी कराडमध्ये याच वाटेने गेलो आहे. माझ्या गाडीच्या सांडपाण्याच्या टाकीचा ब्रॅकेट तुटला होता. दोन गोष्टी सांगतो. रागाच्या भरात कर्जाचा हप्ता थांबवू नका. बँकेचा व्यवहार वेगळा असतो आणि थकबाकी तुमच्याच नावावर लागते. दुसरे असे की सर्व्हिस सल्लागाराशी दोन महिने वाद घालून काहीही साधत नाही, कारण पॅनेल उघडण्याचा निर्णय त्याच्या हातात नसतो. तो निर्णय उत्पादन विभागाचा प्रमुख घेतो. मी त्याच्याशी बोलायला मिळावे एवढीच मागणी लेखी केली, तेव्हा माझे काम हलले.

कृष्णाकाठ | १५ जुलै

मी मिरजेत पंचवीस वर्षे बस आणि ट्रकच्या बॉडीचे काम करतो आहे, त्यामुळे कामगाराच्या बाजूने लिहितो.

बाष्पाचा मुद्दा आधी घेऊ. बाष्प काचेवर, धातूच्या चौकटीवर आणि थंड पडणाऱ्या सगळ्याच भागांवर धरते. ते एकाच कोपऱ्यात, एकाच कपाटाच्या वरच्या फळीत बसत नाही. पण हे तोंडाने सांगून उपयोग नाही. कोरड्या दिवशी, गाडीत कोणीही झोपलेले नसताना, बाहेरून पाणी सोडून आत थेंब दाखवता आला की तो मुद्दा संपतो.

सोलर पॅनेलचा मुद्दा मात्र तुम्ही हलक्यात घेऊ नये. तुमचे छत बहुधा थरांचे असणार : वर फायबरचा पत्रा, मध्ये फोम आणि खाली प्लाय. पुढच्या बाजूच्या स्क्रूच्या भोकातून शिरलेले पाणी त्या थरांमधून सरकत मागच्या कोपऱ्यात उतरू शकते. म्हणजे थेंब जिथे दिसतो तिथेच छिद्र असते असे नाही. त्यामुळे कंपनी खोटेच बोलते आहे असे गृहीत न धरता, तुमच्या पॅनेलचा दोष नाही हे तुम्ही स्वतः आधी तपासावे.

त्यासाठी पद्धत अशी आहे. गाडी चार-पाच दिवस शेडखाली कोरडी ठेवा. छतावर प्लॅस्टिक अंथरून ते कडेला चिकटपट्टीने बंद करा, म्हणजे छताला एक थेंबही लागणार नाही. मग बागेच्या साध्या नळीने, जोर न लावता, खालून वर या. आधी फक्त खालचा सांधा दहा-पंधरा मिनिटे भिजवा, आत पाहा, मग खिडकीची चौकट आणि सर्वांत शेवटी कोपऱ्याची उभी बीडिंग. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि काहीच सिद्ध होत नाही. प्रेशर वॉशर अजिबात वापरू नका. त्याचा फवारा चांगल्या सांध्यातही पाणी घुसवतो आणि कंपनी तेवढ्यावरूनच तुमची चाचणी फेटाळेल.

शिवाय दोन सुयांचे ओल मोजणारे मीटर विकत घ्या. पावसाळ्यात साताऱ्यासारख्या ठिकाणी सुके लाकूडही १५-१६ टक्के ओल दाखवते, म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नाही. डाव्या कोपऱ्यात त्याच उंचीवर माप घ्या आणि उजव्या कोपऱ्याशी तुलना करा. लाकूड २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिले की बुरशीला आमंत्रण मिळते. २०१९च्या महापुरानंतर आम्ही सांगली-मिरजेत हे घरोघरी पाहिले. दरवाजाची चौकट वरून वाळलेली दिसायची आणि दोन महिन्यांनी खिळा ठोकला की आतला भुसा बाहेर यायचा. तुमच्या गाडीत बाहेरून कितीही सिलिकॉन लावले तरी आत अडकलेले पाणी बाहेर येणार नाही. उलट, आता त्या जागी पुढचे काम अवघड झाले आहे, कारण जुन्या सिलिकॉनवर दुसरे काहीच नीट धरत नाही आणि ते आधी पूर्ण खरवडून काढावे लागते.

हरभटरोड | १५ जुलै

मी सांगलीत ग्राहक तक्रारींचे काम करतो. येथे लिहितो ते सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. तुमची कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत.

जॉब कार्डवरील सहीमुळे तुमचा हक्क गेलेला नाही. ती सही त्या दिवशी झालेल्या कामाची पोच आहे आणि तोच दोष बारा दिवसांत परत आला, हे त्या कामाविरुद्धचे उत्तर आहे. मात्र यापुढे ‘पूर्ण व अंतिम समझोता’ अशा अर्थाच्या कोणत्याही कागदावर विचार न करता सही करू नये.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये वॉरंटी संपली म्हणून सगळे दरवाजे बंद होतील ही भीती मनातून काढून टाका. वॉरंटीत कळवलेला दोष वॉरंटीतलाच राहतो. तो तारखेनिशी कळवलेला असणे एवढेच महत्त्वाचे आहे. दुसरे म्हणजे, कारखाना पुण्याजवळ असला तरी तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच, तक्रार करता येते. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी दिलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाचे अधिकारक्षेत्र आहे आणि २० ते ५० लाखांच्या टप्प्यात शुल्क १,००० रुपये आहे. वकील लावणे बंधनकारक नाही.

एक प्रश्न विचारतो, कारण समोरचा पक्ष तो हमखास विचारणार आहे. गाडी तुम्ही कधी भाड्याने दिली आहे का? राज्याचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आल्यापासून अनेकांनी गाड्या पर्यटकांना देण्यास सुरुवात केली. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याखाली ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून केलेला वापर तेवढा अपवाद आहे.

यवतेश्वर | १६ जुलै

वकीलसाहेब, गाडी एकदाही भाड्याने दिलेली नाही. संपूर्ण गाडीचे बिल बॉडी बिल्डरच्याच नावाचे आहे, चेसिससह. त्यांनी कालच्या फोनवर वाहन मान्यतेचे प्रमाणपत्र पुढे केले आणि गाडी तपासून मंजूर झालेली असल्याने बांधणीत दोष असूच शकत नाही, असे सांगितले. याला काय उत्तर द्यावे?

कृष्णाकाठ | १६ जुलै

मोटार कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशा मोटारहोमसाठी, एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचे मानक आहे आणि त्या नमुन्याच्या गाडीला मान्यता मिळालेली असते. त्या मान्यतेचा अर्थ तुमच्या गाडीचा प्रत्येक सांधा कामगाराने नीट भरला असा होत नाही. नमुना चांगला आणि एक गाडी सदोष, हे आमच्या धंद्यात रोज घडते. शनिवारी संध्याकाळी घाईने बंद केलेला सांधा प्रमाणपत्राला कसा दिसणार?

हरभटरोड | १६ जुलै

कायद्यातही हाच फरक केलेला आहे. उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूबद्दल उत्पादकाच्या जबाबदारीच्या, प्रकरणात रचनेतील दोष आणि निर्मितीतील दोष हे वेगवेगळे सांगितले आहेत. तुमचा मुद्दा निर्मितीतील दोषाचा आहे, त्यामुळे रचनेवर वाद घालत बसू नका. बिल एकाच नावाचे असल्याने चेसिस कंपनीकडे बोट दाखवण्याची वाटही त्यांना फारशी उरत नाही.

यवतेश्वर | २७ जुलै

दादांनी सांगितल्याप्रमाणे चाचणी केली. ओळखीच्यांच्या गोदामात गाडी पाच दिवस कोरडी ठेवली. छत प्लॅस्टिकने झाकले, त्याची चारही बाजूंनी छायाचित्रे घेतली आणि यजमानांनी नळी धरली. मी आत कपाटासमोर टॉर्च घेऊन बसले होते आणि मोबाइलवर न थांबवता चित्रीकरण चालू ठेवले होते.

खालच्या सांध्याला पंधरा मिनिटे काहीही झाले नाही. खिडकीला काही झाले नाही. कोपऱ्याच्या बीडिंगवर पाणी सुरू केल्यावर चौदाव्या मिनिटाला फळीच्या मागच्या कडेला आधी एक गडद रेघ उमटली, ती हळूहळू फुगली आणि तिच्या टोकाला थेंब लोंबू लागला. तो पडेपर्यंत माझा हात थरथरत होता. इतके दिवस मला वाटत होते की कदाचित आपलीच काही चूक असेल.

मीटरचे आकडे : डावा कोपरा १४, उजवा कोपरा ३१, उजव्या कोपऱ्यापासून दोन फूट पुढे २४, चार फुटांवर १५.

आता पत्राचा मसुदा देत आहे. ‘आपल्या कंपनीच्या निष्काळजीपणामुळे आम्हा ज्येष्ठ नागरिकांना झालेला मनस्ताप शब्दांत सांगता येणार नाही. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या गाडीची ही अवस्था पाहवत नाही. तरी आपण तातडीने योग्य ती दुरुस्ती करून द्यावी, अन्यथा आम्हास कायदेशीर मार्ग अवलंबावा लागेल.’ काही सुधारणा सुचवावी.

प्रीतिसंगम | २७ जुलै

ताई, चाचणी फार उत्तम झाली आहे. पत्रात मात्र ती कुठेच आलेली नाही.

हरभटरोड | २८ जुलै

मनस्ताप खरा आहे आणि प्रकरण आयोगासमोर गेल्यास त्याची भरपाई मागता येते, पण या पत्राचे काम वेगळे आहे. ‘योग्य ती दुरुस्ती’ हे शब्द काढून टाका. त्यांच्या दृष्टीने सिलिकॉनचा पट्टा हीच योग्य दुरुस्ती होती. तुम्हाला काय उघडून हवे आहे, काय बदलून हवे आहे, काम झाल्यावर कोणती चाचणी कोणाच्या देखत व्हावी, किती दिवसांत व्हावी आणि त्या कामाची हमी किती काळाची असावी, हे सर्व लिहा. उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्या. पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, पोच घेऊन पाठवा.

चित्रीकरणाची मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये जपून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फाइलपेक्षा मूळ फाइल असलेली केव्हाही बरी.

कृष्णाकाठ | २८ जुलै

कामाचा भाग मी लिहून देतो. त्यातली ब्यूटाइल टेप म्हणजे सांधा बंद करणारी चिकट रबरी पट्टी आणि पीयू सीलंट म्हणजे पॉलियुरेथेनचा लवचीक भराव. भाग जसाच्या तसा घाला : ‘मागील उजव्या कोपऱ्याची बीडिंग पूर्ण उतरवावी. जुने सिलिकॉन खरवडून काढावे. आतील प्लाय व लाकडी रिपा, मीटरवर ओल दिसते तिथपर्यंत आणि त्यापुढे एक फूट, कापून नवीन घालाव्यात. सांध्यात सलग ब्यूटाइल टेप घालून, प्रत्येक स्क्रू पीयू सीलंटमध्ये बसवून बीडिंग लावावी. आतील पॅनेल बंद करण्यापूर्वी ग्राहकाच्या देखत अर्धा तास पाण्याची चाचणी घ्यावी.’

शेवटच्या वाक्यातील ‘बंद करण्यापूर्वी’ हे शब्द कोणी काढायला सांगितले तरी काढू नका. पॅनेल बंद झाल्यावर सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात.

यवतेश्वर | १९ ऑगस्ट

पत्र ३० जुलैला गेले. अकराव्या दिवशी उत्पादन प्रमुखांचा स्वतःचा फोन आला. त्यांनी चित्रफीत दोनदा पाहिल्याचे सांगितले आणि बाष्प किंवा सोलर पॅनेल यांचा उल्लेखही केला नाही. बोलणे सभ्य होते. त्यांचा लेखी प्रस्ताव असा : बीडिंग व सांध्याचे काम विनामूल्य, आतील प्लाय फक्त काळा पडला आहे तेवढाच बदलणार, गाडी आणण्या-नेण्याचा खर्च आमचा, कामाची हमी मूळ वॉरंटीपुरती म्हणजे नोव्हेंबरपर्यंत आणि कालावधी सहा आठवडे. हे स्वीकारावे का?

कृष्णामाई-वाई | १९ ऑगस्ट

नोव्हेंबरपर्यंतच्या हमीला काही अर्थ नाही. पाऊस ऑक्टोबरमध्ये संपतो आणि काम होईपर्यंत सप्टेंबर संपणार. म्हणजे ज्या दोषाची तक्रार आहे, त्याची परीक्षा पाहणारा एकही पावसाळा त्या हमीत येत नाही. महिन्यांत बोलण्याऐवजी पावसाळ्यांत बोला.

कृष्णाकाठ | १९ ऑगस्ट

वाईच्या ताईंचा मुद्दा अगदी बरोबर आहे. प्लायच्या बाबतीतही डोळ्यांना दिसणारा काळेपणा ही सीमा मानू नका. तुमच्या मीटरवर दोन फुटांपुढेही २४ आहे आणि तिथे अजून डाग नाही. सीमा मीटरने ठरू द्या. त्यांना भीती आहे ती सगळे छत उघडावे लागण्याची, म्हणून तुम्हीच त्यांना मोजमापाची मर्यादा द्या. चार फुटांपुढे ओल नाही हे तुमचेच आकडे सांगतात. ते आकडे त्यांना दाखवा, त्यांचाही जीव भांड्यात पडेल.

हरभटरोड | २० ऑगस्ट

वाहतुकीचा खर्च सोडावा की नाही, हे तुम्ही ठरवा. माझे मत विचाराल तर ती देण्याघेण्याची बाब ठेवावी. ओलीची सीमा, बंद करण्यापूर्वीची चाचणी आणि हमी या तीन बाबींवर मात्र हटू नये. जमले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवता येते. त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही, परंतु अनेक कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला उत्तर देतात. त्यानंतर आयोग आहेच. प्रयोगशाळेच्या चाचणीची गरज असलेल्या तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि तोवर तुमचे लाकूड कुजत राहील. म्हणून आज चाललेली बोलणी तुटू देऊ नका.

यवतेश्वर | ४ सप्टेंबर

तीन ईमेल आणि एका फोननंतर ठरले. फोन झाल्यावर प्रत्येक वेळी ‘आपल्या आजच्या बोलण्यात पुढील गोष्टी ठरल्या’ असे लिहून मी त्याच संध्याकाळी ईमेल पाठवत होते. ओल मीटरवर १८च्या खाली येईपर्यंत आणि पुढे एक फूट प्लाय व रिपा बदलणार. चाचणी पॅनेल बंद करण्यापूर्वी आमच्या देखत होणार. त्या कोपऱ्याच्या कामाची हमी पुढील दोन पूर्ण पावसाळ्यांची राहील. गाडी पोचवण्याचे डिझेल आमचे आणि परत आणून देणे त्यांचे. गाडी न वापरता आल्याची भरपाई मी मागितली होती, ती सोडून दिली. त्याचे मला थोडे वाईट वाटते, कारण कासच्या फुलांचा या वर्षीचा हंगाम आमचा गेला आहे.

यवतेश्वर | २६ ऑक्टोबर

काल कारखान्यात जाऊन आलो. साताऱ्याहून पहाटे निघालो, कारण खंबाटकीत अडकून उशीर झाला असता तर चाचणीची वेळ चुकली असती.

बीडिंग आणि कापलेला भाग त्यांनी आमच्यासाठी टेबलावर जपून ठेवला होता, याबद्दल मी उत्पादन प्रमुखांचे आभार मानले. रीप हातात घेतली तर तिचे टोक ओल्या बिस्किटासारखे बोटांत चुरगळले. ब्यूटाइल टेप कोपऱ्याच्या चार इंच आधीच संपली होती आणि तेवढ्या जागेत दोन स्क्रू नुसतेच पिळलेले होते. प्रमुखांनी ते स्वतः बोट ठेवून दाखवले आणि ही चूक आमच्याकडची आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. लाकूड कापण्याचे काम साडेतीन फुटांपर्यंत गेले.

अर्धा तास पाणी सोडले. मी उघड्या रिपेवर कोरडा टिपकागद दाबून धरला होता आणि तो कोरडाच राहिला. त्यानंतर पॅनेल बंद झाले. जॉब कार्डवर पुन्हा ‘ग्राहक समाधानी’ असे छापलेले होते. त्याखाली मी माझ्या हाताने लिहिले : ‘पाण्याची चाचणी पाहिली. दोन पावसाळ्यांची हमी ४ सप्टेंबरच्या ईमेलप्रमाणे.’ प्रमुखांनी त्यावर सही करून शिक्का दिला आणि मग मी सही केली.

कृष्णाकाठ | २६ ऑक्टोबर

ताई, काम मनासारखे झाले, मला फार आनंद झाला. आता महिनाभर कपाटाचे दार उघडे ठेवा आणि दर रविवारी त्याच जागेचे माप घ्या. नव्या प्लायमध्येही सुरुवातीला थोडी ओल असते, त्यामुळे पहिल्या आकड्याने घाबरू नका. आकडा उतरत गेला पाहिजे.

यवतेश्वर | ३० नोव्हेंबर

दर रविवारची मापे : १७, १६, १४, १३, १२. डाव्या कोपऱ्यातही आज १२ आहे. चादरी परत कपाटात ठेवल्या आहेत. जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला की याच धाग्यावर पुढचे माप लिहीन.